अर्धवट ऐकलेला मेसेज

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असतानाच तिला नवऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. तिने फोन कानाला लावला, तर आत तिचाच आवाज ओरडत होता, "खोटं बोलू नकोस! निदान माझ्या तोंडावर तरी खरं बोल!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेसेज अर्ध्यावर बंद करून ती तरातरा घरी आली.

नवरा उंच स्टुलावर चढून पंखा पुसत होता.

"घरातली भांडणं चोरून रेकॉर्ड करतोस? वर मलाच पाठवतोस?"

"मी कुठे काय पाठवलं? माझा फोन सकाळपासून बंद पडलाय."

"खोटं बोलू नकोस!" ती किंचाळली. "निदान माझ्या तोंडावर तरी खरं बोल!"

आणि ती थबकली. हे शब्द ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती.

"काय गं, गप्प का झालीस?" त्याने वरूनच विचारलं.

तिने उरलेला मेसेज लावला.

"काय गं, गप्प का झालीस?" फोनमधला नवरा म्हणाला. मग काहीतरी धाडकन आपटलं. त्यानंतर पुन्हा तिचा आवाज आला, पण आता त्यात राग नव्हता. "अरे, ऊठ ना. ऊठ ना रे."

"एवढं काय ऐकतेयस?" म्हणत नवरा स्टुलावरून वाकला.