पाहुण्याची मुळं

इसिकेलीने तळवे पोकळ करून तीन टाळ्या वाजवल्या. तिसरी टाळी सभागृहाच्या पत्र्याखाली घुमली, आणि तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय करून बसलो ते.

समोर चटईवर यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायच्या मुळांची जुडी होती. वीज कंपनीच्या माणसाने ती दोन्ही हातांनी पुढे ठेवली होती, मान लववून, अगदी रीतीप्रमाणे. गावप्रमुखाच्या वतीने बोलायचं काम इसिकेली पंचवीस वर्षं करत आला होता. त्यानेही ती रीतीप्रमाणे घेतली. शब्द आपसूक ओठांवर आले: तुमचं येणं गोड, तुमचं बोलणं गोड. आता ज्याची मुळं घेतली, त्याचं बोलणं खोडायचं नाही. आणि इसिकेलीने घेतली म्हणजे साऱ्या गावाने घेतली.

त्याच्या मांडीखालच्या पिशवीत तेरा घरांची पत्रं होती. वीज महागणार होती, त्यावरच्या हरकतीची पत्रं.

ती जमवली होती त्याच्या भाचीने, अकनिसीने. ज्याच्या नावावर मीटर त्याचीच सही हवी, आणि कारणही त्याच्याच शब्दांत, असा नियम. तीन आठवडे ती दारोदार फिरली. ज्यांना मीटर वाचता येत नव्हता त्यांना वाचायला शिकवलं. मग चर्चच्या पायरीवर तिने इसिकेलीला गाठलं. "मामा, आवाज तुमचा आहे. तुम्ही वाचलीत तर ऐकतील." तो हो म्हणाला होता. परसातल्या कोंबड्यांसमोर त्याने तालीमसुद्धा केली होती.

दर ठरवणाऱ्या मंडळाची बाई टेबलामागे बसली होती. ती म्हणाली, "ज्यांची हरकत असेल त्यांनी बोलावं. पत्रंही आत्ता, इथेच द्यायची. सभा संपली की मुदत संपली."

सगळे इसिकेलीकडे बघत होते. मग हळूहळू एकेकजण चटईकडे बघू लागला.

"वा रे मेव्हण्या," शेजारी बसलेला जोएली पुटपुटला. मेव्हणाच तो, त्याला कुठेही थट्टेची मुभा. "मुळं दिसली की हात आपले जुळलेच. उद्या कुणी जुडी ठेवून तुझं घर मागितलं, तरी टाळ्या पिटशील."

"गप बस."

"मी गपच आहे. सगळं गाव गप आहे. तूच केलंस."

मागे, बायकांच्या रांगेत अकनिसी होती. नवरा गेल्यापासून तिचं घर एका फ्रीझरवर चालत होतं. भावाने धरलेले मासे त्यात ठेवायचे आणि शनिवारी सावुसावूच्या बाजारात विकायचे. दर वाढला की फ्रीझर बंद, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने मामाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, रागाने का होईना, तर त्याला बरं वाटलं असतं. ती चटईची एक सुटलेली पात पुन्हा विणत बसली होती.

गेल्याच रविवारी उपदेशक गात गात पेत्र भीतीने 'मी प्रभूला ओळखत नाही' म्हणाला तिथवर आला, तेव्हा इसिकेली सगळ्यांदेखत रडला होता. घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, मी असतो तर प्रभूला असं नाकारलं नसतं. पेत्राला निदान भीती तरी होती. इसिकेलीची तर नुसती सवय.

बाईने पेन उचललं. "मग लिहिते, कुणाचीच हरकत नाही." आणि ती लिहू लागली.

"थांबा, बाई," इसिकेली म्हणाला.

सभा झाल्यावर प्यायला म्हणून गावाने स्वतःची एक जुडी कोपऱ्यात ठेवली होती. इसिकेलीने ती उचलली. वडीलधारे बसले असताना उभं राहायचं नसतं. तो गुडघ्यांवरच निघाला. कंपनीचा माणूस सावरून बसला, त्याला वाटलं आपल्याकडेच येतायत. इसिकेली त्याच्यापुढून गेला, टेबलापुढून गेला, आणि थेट बायकांच्या रांगेत जाऊन अकनिसीच्या पुढ्यात त्याने जुडी ठेवली. मान खाली घातली. चुकलं की अशीच मुळं ठेवून माफी मागतात. पण मामाने भाचीपुढे, तेही भरसभेत?

"पोरी, तुला शब्द दिला होता. माझ्याच हातांनी मोडला. गावाचं तोंड मी बांधलं, ते मीच सोडतो."

कंपनीचा माणूस गोरामोरा झाला. "काका, देवाशपथ, मी काही डाव म्हणून नव्हती आणली. आई म्हणाली, गावात रिकाम्या हातांनी जाऊ नकोस."

"बरोबरच सांगितलं तुझ्या आईने. तू रीत पाळलीस, बाबा. मी फक्त रीतच पाळली."

सगळ्यांचे डोळे अकनिसीच्या हातांवर. तिने टाळी वाजवली की माफी झाली. तिने पात सोडली. तळवे पोकळ करून एकमेकांसमोर धरले, आणि तिथेच थांबवले.

"आधी वाचा, मामा."

मंडळाच्या बाईने लिहिलेलं खोडलं. इसिकेलीने पिशवी उघडली. तालमीतला आवाज काही आला नाही. जो आला तो घोगरा होता, मध्येच फाटत होता. एकेक नाव, एकेक मीटर, एकेका घराचं गाऱ्हाणं. जोएलीच्या पत्राला कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

तेरावं पत्र तिचं होतं. 'मी अकनिसी. दिव्याची मला हौस नाही, अंधारात जेवता येतं. पण मासा अंधारात टिकत नाही, त्याला गारवा लागतो. माझी तिन्ही मुलं त्या गारव्यावर जगतात.'

त्याने कागद खाली ठेवला आणि वर पाहिलं.

तिचे हात तसेच धरलेले होते. दोन तळव्यांमध्ये अजून वीतभर अंतर होतं.