टिंबांमधली जागा

आप्पांनी रेडिओच्या पोटातून जुना रिले उपटून काढला, तेव्हा मुलगी दारात उभी होती.

"आता काय मोडताय?"

"मोडत नाही, सुधारतोय. मी संदेश पाठवून थांबलो, की हा रिले आळोखेपिळोखे देत उठतो. तोवर यंत्र ठार बहिरं. आता पाठवता पाठवता, मोर्सच्या दोन टिंबांच्या मधेसुद्धा समोरच्याचं ऐकू येईल. कुणी मधेच टोकलं तरी कळेल."

"टोकलेलं तुम्हाला कधीपासून चालायला लागलं?"

ती गेली. बाहेरच्या दाराचं कुलूप ओढून बघितल्याचा आवाज आला, मग शेजारच्या खोलीत खुर्ची सरकली. तिचं ऑफिसचं काम तिथूनच चाले.

आप्पा धुमसत राहिले. जन्मभर जहाजांवर रेडिओ सांभाळला, सात समुद्र पालथे घातले, आणि म्हातारपणी हा कोंडवाडा! एकदा फिरायला गेले आणि परतायला जरा उशीर झाला, एवढाच काय तो गुन्हा. पोरगी याच टकटकीत लहानाची मोठी झाली, पण बापाच्या मनातलं तिला कळेल तर शपथ!

कळायचं ते कॅप्टनला. दूरच्या कुठल्याशा बेटावरचा हा माणूस रोज दुपारी रेडिओवर भेटे. आप्पा मनातलं सगळं ओकत, तो शांतपणे ऐकून घेई. "मुलीचंही काही म्हणणं असेल," असं अधूनमधून म्हणे, तेवढंच खटके.

रिलेचं काम उरकलं. मग आवाज आपोआप सारखा करणारी तारही आप्पांनी कापून टाकली. तिच्यापायी जवळचा काय नि लांबचा काय, सगळे एकाच पट्टीत बोलत. आता ज्याचा आवाज जसा, तसा येणार.

हेडफोन चढवून त्यांनी कॅप्टनला हाक मारली. उत्तर असं दणदणत आलं, की कानठळ्या बसल्या. आवाजाचं बटण पार खाली आणलं, तरी टिंबं ठणठणतच होती.

"वा रे पठ्ठ्या!" आप्पांनी स्वतःचीच पाठ थोपटली. "बेट घरात आणलंस की!"

आज मात्र गप्पांना वेळ नव्हता. खोलीला त्यांनी आतून कडी घातली होती. खिडकी उघडून तिच्याखाली खुर्ची लावून ठेवली होती. बाहेर अंगण, पुढे फाटक, मग बंदराचा रस्ता. डोळे मिटूनही गेले असते.

"आज निघतो," त्यांनी पाठवायला सुरुवात केली. "शेवटचा रामराम. मुलीला पत्ता लागणार नाही. खिडकीतून अंगणात उडी टाकली, की सुटलो. मग सरळ..."

टिंबांच्या मधून कॅप्टन घुसला. तो असा कधी मधे बोलत नसे. अक्षरं एकमेकांवर आदळत होती, चुकत होती, पुन्हा येत होती.

आप्पांचं बोट थबकलं.

"थांबा, आप्पा! दार उघडा. ते घर आपण कधीच सोडलं. हा पाचवा मजला आहे."