नवाबाला सांगा

"नवाबा, त्या पुढं चालणाऱ्या माणसाला सांग, पिंप गळतंय."

नवाबाने कान हलवला. तो उंट होता. पुढे चालणारा माणूस म्हणजे तितुस. त्याने दोरी ओढून गाडी थांबवली आणि मागे न पाहता, उंटाच्या मानेकडे बघत विचारलं, "नवाबा, किती उरलंय?"

"बोटभर," मागून रेबेका म्हणाली. उंटालाच.

पुढच्या फळीवर बसलेल्या पाद्री वेन्झेलसाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली.

"सहा दिवस! सहा दिवस मी हे ऐकतोय! तितुस, बाई तुझ्याशी बोलतेय. मागं वळ. तिच्या तोंडाकडं बघ."

"पाद्रीसाहेब, ती माझी सासू आहे."

"म्हणूनच तर!"

पाद्रीसाहेबांना वाळवंटातल्या मिशनवर येऊन दोनच वर्षं झाली होती. तितुसच्या लोकांत जावई सासूच्या तोंडाकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही. घोरपड मारली तर चरबीचा तुकडा तिचा. तो लांब दगडावर ठेवायचा आणि पाठ फिरवायची. तितुसने अकरा वर्षं यात चूक केली नव्हती. त्याची पावलं ऐकली की रेबेकाही वाट सोडायची. याहून मोठा मान माणूस माणसाला काय देणार? पाद्रीसाहेबांनी ते पाहिलं आणि ठरवलं, जुनं वैर आहे. म्हणून स्वतःच्या सासूला, ओटिलीबाईंना, रेल्वे संपते तिथून आणायला निघताना त्यांनी मुद्दाम ही दोघं सोबत घेतली. येताना बारा दिवस एक गाडी. बोलतील झक मारत.

बोलत होती ती दुसरीच दोघं: पाद्रीसाहेब आणि ओटिलीबाई.

पहिला दिवस: बाईंची पेटी उलटी का बांधली.

दुसरा दिवस: माझ्या मुलीला कुठं आणून टाकलंत.

तिसरा: पुन्हा पेटी.

चौथा दिवस, वाळू. पाचवा दिवस, वाळू, आणि तो औषधवाला, ज्याच्याशी मुलीचं लग्न होऊ शकलं असतं आणि ज्याच्या घराला आता दोन मजले होते.

समोरासमोर. डोळ्यांत डोळे घालून. सासूच्या तोंडावर! तितुसचे कान लाजेने तापायचे. तो टोपी खाली ओढून चालायचा.

आणि आता सहावा: पेटी पिंपावर ठेवली कुणी? हे इतकं पेटलं की ओटिलीबाईंनी "आता तुमच्याशी एक शब्द नाही" म्हणून तोंड फिरवलं. गाडीत प्रथमच शांतता झाली. पिंपाची टिपटिप ऐकू येत होती, मग तीही थांबली.

"नवाबा," रेबेका म्हणाली, "त्याला सांग, हा माझ्या आईचा मुलूख आहे. त्या दोन लाल टेकड्यांच्या मागं खडकात पाणी आहे. वर चपटा दगड झाकलाय. ऊन उतरेपर्यंत पोचू."

"पाद्रीसाहेब, डावीकडं वळतो."

"थांब." पाद्रीसाहेब उभे राहिले. "असेल पाणी. पण उंटाला सांगितलेल्या गोष्टीवर मी गाडी वळवणार नाही. तिनं तुझ्याकडं बघून सांगावं, तू तिच्याकडं बघून ऐकावंस. एकदाच! नाहीतर नकाशात विहीर आहे. उत्तरेला, दोन दिवसांवर."

नकाशातल्या विहिरीत गेल्या वर्षापासून वाळू होती. तितुसने हे दोनदा सांगितलं होतं.

बोटभर पाणी. चार माणसं. मिशनवर त्याची बायको, दोन लेकरं. मान वळवायला कितीसा वेळ लागतो? मागे रेबेकाने घोंगडी डोक्यावर ओढून घेतल्याचा आवाज आला. तितुसने डोळे मिटले आणि मान वळवायला घेतली.

"नवाब!"

हा आवाज रेबेकाचा नव्हता. ओटिलीबाई पेटीवर ताठ बसून थेट उंटाच्या डोक्याकडे बघत होत्या.

"नवाब, माझ्या जावयाला सांग, गाडी वळवू दे. नाहीतर माझी मुलगी विधवा होईल. मग तिला दुसरा नवरा बघावा लागेल. या खेपेला मी बघेन."

नवाब रवंथ करत राहिला. पाद्रीसाहेबांनी तोंड उघडलं. बाईंच्या ताठ मानेकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. मग उंटाकडे.

"नवाब," ते घसा खाकरून म्हणाले, "बाईंना सांग. ठीक आहे."

चपटा दगड जागच्या जागी होता. खालचं पाणी काळं, गार, कुजक्या पानांच्या वासाचं. तितुसने दगड सरकवला आणि पाठ फिरवून लांब जाऊन उभा राहिला. आधी रेबेकाने प्यावं. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी पाठ फिरवून उभं राहिलं.

"बाई पितायत," पाद्रीसाहेब म्हणाले.

उरलेले सहा दिवस भांडण झालं नाही. "नवाब, सांग, पेटीला ऊन लागतंय." "नवाब, सांग बाईंना, सावलीत घेतो." एकदा तर नवाबाला मध्ये घेऊन दोघं हसलीसुद्धा.

रविवारी पाद्रीसाहेबांनी सगळं मिशन गुडघ्यांवर बसवलं. तितुस आणि रेबेका यांचं वैर मिटावं म्हणून प्रार्थना केली. दोघांनीही ती मनापासून म्हटली. तो पुरुषांत, ती बायकांत, एकमेकांकडे पाठ करून.

सोमवारी तितुस लाकडं आणायला उंट मागायला गेला. नवाब पाद्रीसाहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधलेला होता. आतल्या पडद्याचं टोक चघळत होता.

"आज नको," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले. "घरात लागणार आहे."