पोट थांबतं तेव्हा

संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी बाप पकडला गेला. पण तसं काही झालंच नाही, असं धरून चालू. बापाचंही तेच म्हणणं आहे.

तर सहा वाजता बाप बाहेरच्या खोलीत सतरंजीवर उताणा पडला होता आणि पाच वर्षांच्या मुलीनं त्याच्या पोटावर डोकं ठेवलं होतं. दोघांचे डोळे मिटलेले. बालवर्गाच्या बाईंनीच शिकवलं होतं: कार्टून लावण्याआधी पाच मिनिटं आई किंवा बाबांच्या पोटावर डोकं ठेवायचं, श्वास वरखाली होतोय तिकडे लक्ष द्यायचं आणि मग स्वतःला विचारायचं, अजून बघावंसं वाटतंय का? गेले अकरा दिवस मुलगी स्वतःला "नाही" सांगून खेळायला पळत होती. ऑफिसात बाप यावर दोघातिघांना फुकट सल्लाही देऊन आला होता. "आधी आपण शांत व्हायला हवं हो."

दुसऱ्या मिनिटाला शांत बापाचा उजवा डोळा उघडला. मग उजवा हात उशीखाली गेला आणि मोबाइल घेऊन आला. आवाज बंद होता. बाप नियम पाळणारा होता.

पडद्यावर एक अनोळखी माणूस गालिचा धूत होता. गालिचा कोणाचा, बापाला माहीत नव्हतं. पण त्याच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता, आणि तो निघतो की नाही या चिंतेनं बापाचा जीव टांगणीला लागला होता.

"बाबा," मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "पोट थांबलं."

"छे गं, चालू आहे की." बापानं पोट दोनदा जोरात फुगवून दाखवलं. मुलीचं डोकं गदागदा हललं.

"मोबाइल बघताना थांबतं."

"मी कुठं बघतोय?"

"रोज थांबतं."

गालिचा धुतला जातच राहिला.

"रोज? मग बोलली का नाहीस?"

"बाई म्हणतात, दुसऱ्याला टोकायचं नाही. त्याचं त्याला कळू द्यायचं." मुलीनं थोडा विचार केला. "तुला लवकर कळत नाही."

ती उठून बसली. चिडली नाही, रडली नाही. बापाला यातलं काहीही चाललं असतं. तिनं बाईंच्या आवाजात विचारलं, "अजून बघावंसं वाटतंय का?"

बापानं खोटं शोधून पाहिलं. जवळ एकही शिल्लक नव्हतं.

"थोडंसं."

"मग बघ. मी थांबते."

बापानं बघितलं. मुलगी पडद्याकडे नाही, त्याच्या पोटाकडे बघत होती. डाग निघाला. बापाला काहीच वाटलं नाही, म्हणजे गालिच्याबद्दल.

मग तिनं दप्तरातून बाईंनी दिलेला या सरावाचा रोजचा तक्ता आणून दिला. 'पालकांनीही डोळे मिटले होते' या रकान्यात बापाच्या हातच्या अकरा बरोबरच्या खुणा होत्या. बापानं त्या एकेक करून खोडल्या. बाराव्या दिवसापुढे फुली मारली. खाली 'पालकांची विनंती असल्यास' अशी एक ओळ कोरीच होती. तिथं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"सदर विद्यार्थिनीस या सरावाची आता गरज उरलेली नाही. सबब तिच्या जागी तिच्या वडिलांस, वय वर्षे छत्तीस, बालवर्गात प्रवेश मिळावा, ही नम्र विनंती. डबा व पाण्याची बाटली ते स्वतः आणतील."