आतली बाजू

"काचेला हात नको, बाबा," पहारेकरी म्हणाला.

लहानू भोयेने हात मागे घेतला. राष्ट्रीय संग्रहालयाच्या शहरभर विखुरलेल्या चार इमारतींपैकी तिसरीत त्याला वडिलांनी कोरलेला नरसिंहाचा लाकडी मुखवटा अखेर सापडला होता. तीस वर्षं तोच चढवून तो गावच्या बोहाड्याच्या उत्सवात नाचला. तो आजारी असताना सरपंचांनी मुखवटा परस्पर संग्रहालयाला देऊन टाकला. त्याने नवा कोरला, पण तो इतका जड झाला की घातल्यावर मान उचलेना.

"जरा उघडा ना. वडिलांनी आतून कसा पोखरलाय, तेवढं बघतो."

"चावी मुख्य इमारतीत असते. तिथं अर्ज करा, महिन्याभरात कळवतील."

"बोहाडा शनिवारी आहे हो."

पहारेकऱ्यालाही वाईट वाटलं. "मग फोटो तरी काढून घ्या," तो म्हणाला.

लहानूच्या मुलीने, जयवंतीने, मोबाईलवर जमेल तिथून फोटो काढले. आयाळ, सुळे, लाल जीभ, सारं स्वच्छ आलं.

"यावरून जमंल ना, बा?" तिने एवढ्या आशेने विचारलं, की त्याने मान डोलावली. चेहरा बसतो ती बाजू भिंतीकडे होती.