दाखल क्रमांक २१२

इंद्रभानने खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. शाळेच्या बाईंनी जुन्या अनुक्रमणिकेतून उतरवून दिली होती : गेंदाजी भिका, दाखल क्रमांक २१२, सन १९३८.

"मूळ रजिस्टर मंडळात हाये म्हने, गुरुजी. ते दाखवलं का बाई नक्कल देतात, शिक्का मारून."

मागे त्याची मुलगी महामाया उभी होती. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीसाठी आजोबांची शाळेतली नोंद हवी होती, आणि सोमवार हा शेवटचा दिवस होता.

भगवानराव उत्साहाने उठले. याच शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि आता गावच्या इतिहास मंडळाचे सचिव होते. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा हे रजिस्टर त्यांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून ओढून काढलं होतं. मंडळात येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगत. आजही सांगितलं.

"त्या दिवशी मी आडवा आलो नसतो, तं आज तुले काय भेटलं असतं?"

"म्हनूनच तं तुमच्याकडे आलो," इंद्रभान म्हणाला.

लाल कापडातून रजिस्टर निघालं. भगवानराव पानं जपून उलटत गेले. एक पान २०४ वर संपलं. पुढच्या पानावरचा पहिला आकडा २१७ होता. मध्ये, शिवणीपाशी, कागदाची बोटभर पट्टी उरली होती. कड अगदी सरळ. फूटपट्टी लावून ब्लेडने कापलेली.

भगवानरावांचा हात तिथेच थांबला. ब्लेड त्यांचंच होतं. मंडळाचे अध्यक्ष पंजाबराव यांच्या सत्तरीचा सत्कार होता, आणि शाल-नारळापेक्षा वेगळं काही द्यावं म्हणून भगवानरावांना हे पान फ्रेम करून द्यायचं सुचलं होतं. २११ म्हणजे पंजाबरावांचे वडील.

"पान कुठी हाये, गुरुजी?"

"आहे. अध्यक्षांच्या घरी आहे. अगदी सुरक्षित."

तिघं चालत गेले. पंजाबरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच बैठकीतली फ्रेम भिंतीवरून उतरवली. "घ्या न. पोरीच्या कामाले येत असंन तं काऊन नाई?" आत हाक मारून त्यांनी चहा सांगितला.

भगवानरावांनी फ्रेम पालथी घातली. पकडीने खिळे काढले, मागची फळी उचलली. आतून कागद निघाला, तो लांबीला पूर्ण होता आणि उंचीला दोन बोटं. त्यावर एकच ओळ होती : २११, नाव, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा.

"आन् बाकीचं?" महामायेने विचारलं.

भगवानरावांना फ्रेमवाल्याचं दुकान आठवलं. पूर्ण पान बसत नाही, काय ठेवू, असं त्याने विचारलं होतं. त्यांनी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून ओळीच्या वर एक आणि खाली एक रेघ मारून दिली होती.

"कापायच्या आंधी फोटो काढला असंन न, सर?" तिने विचारलं.

"कार्यक्रमाचे आहेत," भगवानराव म्हणाले. "चाळीसेक."

इंद्रभान खाली बसला. "गुरुजी, तुमी ते पान वाचलं तं असंन. माह्या बापाचं नाव होतं न त्याच्यावर?"

भगवानरावांनी आठवून पाहिलं. त्यांना त्या पानावरचं दुसरं एकही नाव आठवेना.

"असं करू," पंजाबराव म्हणाले. "मी मंडळाच्या लेटरहेडवर लिहून देतो. अध्यक्ष म्हणून सही करतो. का अशी नोंद होती."

"होती चालत नाई, साहेब," महामाया म्हणाली. "हाये पायजे."

ती कागदावर वाकली. खालची कड तिने बोटाने चाचपली. कात्री नेमकी पुढच्या ओळीच्या डोक्यावरून गेली होती. अक्षरं गेली होती. शिरोरेषा आणि तिच्या वरचं तेवढं राहिलं होतं : अनुस्वार घेतलेली एक मात्रा, थोड्या अंतराने एक वेलांटी, मग आणखी एक.

"गें... जी... भि," तिने बोट ठेवत वाचलं. "बाबा, हे आबाचं हाये."

इंद्रभानने पाहिलं. चहा आला तेव्हा तो उठला.

"चाल माय. संग्रामपूरची बस जाईन."

पायऱ्यांवर दोघांच्या चपला वाजल्या आणि फाटक लागलं.

भगवानराव फ्रेम मांडीवर घेऊन बसून होते. शेवटी त्यांनी काच पुसली, पुठ्ठ्याची चौकट बसवली, तिच्यामागे कागद ठेवला आणि सरळ आहे का ते पाहायला फ्रेम उभी धरली. पंजाबरावांनी कप खाली ठेवला आणि चष्मा वर करून निरखून पाहिलं.

"भगवानराव, कागद जरा खाली घ्या. ते खालचं दिसून राह्यलं."

भगवानरावांनी कागद दोन सूत खाली सरकवला आणि खिळे ठोकायला घेतले.