दोन अक्षरांचं बारसं

बारशाला आत्या नाव सांगायला पाळण्यावर वाकली, तरी आजोबा हटेनात. नातीसाठी त्यांनी चांदीच्या वाटीवर ‘त्रिपुरसुंदरी’ कोरून आणलं होतं.

“मीरा? दोनच अक्षरं? एवढी काटकसर?”

“अण्णा, लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत,” बाळाची आई, भाषाशास्त्र शिकवणारी त्यांची लेक, म्हणाली. “त्यातूनच स्पॅनिशमधलं ‘बघ’ आलं. रशियनांचं घराणं वेगळं. त्यांच्याकडे मीर म्हणजे शांतता, आणि जगसुद्धा.”

“आणि आपल्याकडे?”

“विष पचवणारी.”

आजोबांनी वाटी खाली ठेवली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि प्रथेप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ती बाजूला होताच आजोबा स्वतः वाकले. “मीरा,” ते हळूच बाळाच्या कानात म्हणाले. “अद्भुत.”

नाव सांगणाऱ्याची पाठ सोडायची नसते. दोन्ही सुनांनी पदर खोचले.